शेडगेबरोबर बघितलेला तुरुंग

मालिका बघण्यासारखी आहे, हे आधी सांगून टाकतो. परदेशातली आहे. नाव इंग्रजी, मला वाचता येत नाही, आणि सुनेने दोनदा सांगितलं तरी तोंडात बसलं नाही. समुद्राच्या काठावर एक तुरुंग, बाहेर सगळा बर्फ. तिथल्या स्वयंपाकघरात एका कैद्याला कोणीतरी सुरी मारतं. कोणी मारली ते आतल्या सगळ्यांना माहीत, पण सांगत कोणी नाही. आळ येतो एका उंच टकल्या माणसावर. दहा भाग आहेत. हिंदीत बोलतात, म्हणजे तोंडं गोऱ्यांची हलतात आणि आवाज आपल्याकडचे येतात. पहिल्या भागाला मी मध्ये पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही.

पण एकट्याने बघितली असती तर आतापर्यंत विसरलो असतो. बरोबर शेडगे होता, म्हणून राहिली.

गुलाब शेडगे. तारापूरच्या एमआयडीसीत आम्ही एकाच कंपनीत होतो, त्यातली शेवटची अकरा वर्षं एकाच प्लँटवर काढली. मी इथलाच, कुंभवलीचा. तो साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. पहिल्यांदा कामावर आला तेव्हा पायात गावच्या चामड्याच्या वहाणा होत्या, आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. मासे खायचा नाही. शेवटपर्यंत खाल्ले नाहीत. आमच्या घरी सुके बोंबील भाजायला घेतले की हा गडी अंगणात जाऊन उभा राहायचा आणि वास जाईपर्यंत आत यायचा नाही.

"घाट्या, तीस वर्सं झाली इथे," मी म्हणायचो. "एक तुकडा खाऊन बघ ना."

"तीस वर्सं तुमच्या कंपनीचा वास खाल्ला, पाटील. त्येवढा पुरं."

माझी बायको पालघरजवळच्या माहीमची, पानवेलीच्या वाडीतली. ती त्याच्यासाठी वेगळी चवळीची भाजी ठेवायची. आता ती पण नाही.

त्या दिवशी शेडगे पाइपपाना परत द्यायला आला होता. दुपारची वेळ, सून बेटेगावच्या शाळेत गेलेली, मी टीव्हीपुढे. दार उघडंच होतं. पडद्यावर एका शिपायाने बटण दाबलं आणि लोखंडी दार आपोआप सरकलं. मागून आवाज आला, "हे जेल न्हवं."

मी मान वळवली. पाना हातात धरून तो उंबऱ्याबाहेर उभा.

"मग काय हाय?"

"लॉज हाय. बगा की. परत्येकाला खाट, खाटंवर उशी. आन् संडासाला दार."

"बाहेर उभा राहून काय बोलतोस? आत येऊन बस ना."

तो आला. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी तो माझ्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसला, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. मी सरकलो नाही. त्याची ती सवय मला माहीत होती.

शेडगे अकरा महिने आत होता. खरोखरच्या तुरुंगात. जामिनावर सुटून आला त्याला सात-आठ वर्षं झाली होती, पण केस पालघरच्या कोर्टात चालूच होती. निकाल विरुद्ध गेला तर परत आत जायचं. सत्तरीच्या जवळ आलेला माणूस, डोक्यावर ती टांगती तलवार, आणि दुपारी माझ्याकडे बसून परदेशातला तुरुंग बघतो.

शेजारी बसायची सवय आतली. आत सकाळ-संध्याकाळ माणसं मोजतात, त्याला गिनती म्हणतात. मोजायला सोपं जावं म्हणून सगळ्यांनी जोडी-जोडीने खाली बसायचं. एकटा बसला की शिपाई ओरडतो. अकरा महिने तो तसा बसला आणि मग बाहेर आल्यावर त्याला एकट्याने बसता येईना. बसस्टँडवर कोणी एकटा माणूस बसलेला दिसला की हा जाऊन त्याच्या शेजारी बसायचा. समोरचा माणूस दचकायचा. एकदा बेटेगावला लग्नात पंगत बसत होती, तर हा वाढप्यांच्या पुढे जाऊन पाहुण्यांना दोन-दोन करून बसवायला लागला. "चला, जोडी लावा, जोडी लावा." नवऱ्याच्या मामाला वाटलं हा केटरिंगवाल्याचा माणूस, त्याने याला पाण्याचे जग भरायला सांगितले. शेडग्याने भरले. मग हात पुसले आणि जेवायला बसला. सगळे हसले, तोही हसला. त्याची बायको, आमच्या वहिनी, तेवढ्या हसल्या नाहीत.

हात पुसायची त्याची दुसरी एक सवय. खिशात कायम कॉटन वेस्ट. कंपनीत मशीनचं तेल पुसायला सुताचा गुंता मिळतो ना, तो. घरी, लग्नात, कोर्टातही त्याच्या खिशात तो गोळा असायचाच. आणि गरम आहे का ते उलट्या हाताने बघायचं. चहाचा ग्लास, भाकरी, स्कूटरचं इंजिन, आजारी माणसाचं कपाळ, सगळं उलट्या हाताने. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या प्लँटवर मोठं बंद भांडं होतं, त्याला रिअ‍ॅक्टर म्हणतात. आत माल शिजतो. तापमान दाखवायला वर काटा असतो, पण शेडगे काटा बघायच्या आधी पाण्याच्या पाइपाला उलटा हात लावायचा आणि आकडा सांगायचा. दोन डिग्री इकडेतिकडे. मी चौथी शिकलेला, तो सातवी, पण साहेब लोक वरून खाली उतरायचे तेव्हा आधी शेडग्याला विचारायचे.

लॉगशीट भरायला मात्र त्याला मी शिकवलं.

लॉगशीट म्हणजे तक्ता. दर अर्ध्या तासाला काटा बघायचा, तापमान लिहायचं, पुढे सही करायची. तक्ता सुपरवायझरच्या केबिनच्या खिडकीला अडकवलेला असायचा. पहिली पाळी तीनला सुटायची आणि कंपनीची बस तीन वाजून पाच मिनिटांनी निघायची. हात धुवायचे, कपडे बदलायचे, गेटवर झडती द्यायची. तीनचं रीडिंग तीनला घेतलं तर बस मिळणारच नाही. म्हणून अडीचचं लिहिताना त्याच्या खालीच तीनचंही लिहून टाकायचं. अडीचला अठ्ठ्याहत्तर असलं तर तीनलाही अठ्ठ्याहत्तर. सगळे लिहायचे. माझ्या आधीचे लिहायचे, मी लिहायचो, मी शेडग्याला दाखवलं तसं शेडगे लिहायचा. साहेबांना माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते खिडकीच्या आत बसायचे.

मी रिटायर झालो आणि पुढच्याच वर्षी ते झालं.

त्या दिवशी शेडग्याने अडीचला अठ्ठ्याहत्तर लिहिलं, तीनला अठ्ठ्याहत्तर लिहिलं, सही केली. त्याच्याकडून पाळी घ्यायला हरिनाथ म्हणून ऑपरेटर यायचा, उत्तर प्रदेशातला, शांत माणूस. आमच्याकडे रीत अशी की पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. हरिनाथ वेळेच्या आधीच आला होता. त्याने खिडकीला अडकवलेला तक्ता बघितला. तीनपर्यंत सगळं ठीक, सही झालेली. "आप निकलो, शेडगे भाई. बस छूट जाएगी," म्हणाला, आणि बूट बदलायला स्टुलावर बसला. जवळ एक हेल्पर होता. शेडगे नळावर हाताला साबण लावत होता. तीनला पाच कमी असताना भांडं फुटलं.

हरिनाथ आणि तो हेल्पर जागेवर गेले. आमच्या घराच्या काचा हलल्या. मी धावत गेलो तेव्हा शेडगे गेटजवळ उभा होता, हाताचा साबण तसाच, वाळलेला. मी नाव घेऊन हाक मारली तर माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं असं वाटलं नाही.

केबिन शाबूत राहिली, तक्ताही शाबूत राहिला. पोलिसांनी तो नेला. त्यात तीन वाजताचं तापमान लिहिलेलं होतं, खाली सही होती, आणि तीन वाजता रिअ‍ॅक्टरच जागेवर नव्हता.

मॅनेजर आणि सुपरवायझर, सगळ्यांनी लिहून दिलं की आमच्याकडे असं आगाऊ लिहायची पद्धत नाही. शेडगे आत गेला.

आतलं तो कधी सांगायचा नाही. मी विचारलं नाही. ती मालिका लागली आणि मग थोडं थोडं सांगायला लागला, तेही मालिकेतल्या चुका काढायच्या निमित्ताने. पडद्यावर कैदी फोनवर बायकोशी बोलतो, मध्ये काच असते. शेडगे म्हणाला, "आमाला जाळी हुती. ह्या बाजूला तीस जण, त्या बाजूला तीस जण, समदी येकदम वरडत्यात. ही म्हणायची म्हस व्याली. म्या म्हणायचो बरं. पुन्हा म्हणायची म्हस व्याली. तिला वाटायचं मला ऐकूच आलं न्हाई."

"रेडी का टोणगा?"

"त्ये इचारायच्या आत येळ संपली की."

आणखी एकदा, तुरुंगाच्या स्वयंपाकघरात कोणी काही शिजवत होतं, तर तो पुढे वाकून बघायला लागला. "आमच्या वरणात तळ दिसायचा," म्हणाला. "पर भाकरी बरी हुती. खोटं कशाला बोला." असं तो सगळ्या बाबतीत बोलायचा. शिपाई वाईट होते का म्हणून विचारलं तर म्हणायचा, दोन वाईट होते, एक चांगला होता, बाकीचे नोकरी करत होते.

रोज अडीचला यायचा, एक भाग बघायचा, चहा प्यायचा, जायचा. जाताना आमचा मोरीचा नळ गळत नाही ना ते बघून जायचा. माझ्यापेक्षा त्यालाच मालिकेची जास्त ओढ लागली. एक दिवस बोईसरला लाइट नव्हती तर दर दहा मिनिटांनी उठून बटण वरखाली करत होता.

"अरे, लाइट आली की पंखा फिरेल ना. समजेल आपल्याला."

"पंखा बी बिघडतो, पाटील."

एकदा मात्र, कितवा भाग ते आठवत नाही, तो उंच टकल्या आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो आणि म्हणतो, मी नाही मारलं. कोणी ऐकायला नसतं. शेडगे म्हणाला, "ह्याचं बरं हाय. ह्यानं मारलंच न्हाई."

मी त्याच्याकडे बघितलं.

"हरिनाथनं शीट बघितली म्हणून त्यो बसला," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. "तीनचा खाना कोरा असता तर त्यो काट्याकडं गेला असता. गेला असता आन् त्येला दिसलं असतं."

"आपन सगळेच लिहायचो."

"सही माजी हाय न्हवं?"

चहा प्यायला, नळ बघितला, गेला.

आता केसचं सांगतो. शेडग्याला एक वकीलबाई होत्या, पालघरच्याच, वयाने लहान पण हुशार. त्यांनी एक मुद्दा काढला होता. प्लँटवरचं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं. हे खरंच होतं. बस चुकू नये म्हणून कोणीतरी कधीतरी ते पुढे केलं, मागे कोणी केलं नाही. घड्याळ स्फोटात गेलं. वकीलबाईंचं म्हणणं असं, की शेडग्याने भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजलेले बघून लिहिलं, म्हणजे खरे तीनला दहा कमी होते, स्फोटाच्या पाच मिनिटं आधी. तेव्हा तापमान अठ्ठ्याहत्तर नव्हतं असं कोण सांगणार? आगाऊ लिहिलं हे सिद्ध होत नाही. आगाऊ लिहायची पद्धतच नाही असं कंपनीच्याच लोकांनी सांगून ठेवलेलं, ते उलट आपल्या उपयोगाला आलं.

फक्त घड्याळ पुढे होतं हे सांगणारा जुना माणूस पाहिजे होता. बाकीचे आपापल्या गावी गेलेले, दोघं वारलेले. मी होतो.

वकीलबाई घरी आल्या. म्हणाल्या, "काका, मी विचारेन, घड्याळ पुढे असायचं का? तुम्ही सांगायचं, हो, दहा मिनिटं. एवढंच. विचारलं नाही ते बोलायचं नाही."

मी म्हटलं बरं.

त्याच आठवड्यात मालिकेचा आठवा भाग आला. त्यात कोर्ट आहे. उंच टकल्याला आता जन्मभर आत ठेवणार असं वाटायला लागतं. आणि तुरुंगातला म्हातारा आचारी, ज्याला साक्षीला एका बारीकशा गोष्टीसाठी आणलेलं असतं, तो विचारलेल्याचं उत्तर देतो आणि खाली बसत नाही. म्हणतो, मला अजून बोलायचंय. सगळं खरं सांगतो. स्वतःचंही. न्यायाधीश बाई चष्मा काढते. उंच टकल्याच्या हातातल्या बेड्या काढतात. माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी लपवत नाही.

"असं नसतं, पाटील," शेडगे म्हणाला.

"का नसतं?"

"तितं जेवडं इचारत्यात तेवडंच सांगायचं असतं."

"मी नाय तसा."

"म्हाईत हाय."

साक्षीच्या दिवशी मी धुतलेला सदरा घातला. पालघरला शेडगे माझ्या शेजारीच बाकावर बसला होता, नाव पुकारेपर्यंत. वकीलबाईंनी विचारलं, घड्याळ पुढे असायचं का? मी म्हटलं, "हो. दहा मिनिटं." टाइप करणाऱ्याने टाइप केलं. वकीलबाई म्हणाल्या, "एवढंच, साहेब," आणि बसल्या.

मला वाटलं, एवढंच काय? एवढ्याने काय होतंय? घड्याळामागे लपायला शेडगे काय चोर आहे? ही एकट्या माणसाची चूक नाही, सगळ्यांची रीत होती, हे समजलं तर कोणता न्यायाधीश एकट्याला धरेल? मी म्हटलं, "साहेब, मला अजून सांगायचंय."

वकीलबाई उभ्या राहिल्या. काही तरी म्हणाल्या. जज्जसाहेब म्हणाले, "बोलू द्या त्यांना."

मी बोललो. अडीचला तीनचं लिहायचो. सगळे लिहायचे. साहेब लोकांना माहीत होतं. बस तीन-पाचला सुटायची. पंचवीस-तीस वर्षं असंच चाललं होतं. मी सावकाश बोललो, म्हणजे टाइप करणाऱ्याला गाठता यावं.

सरकारी वकील उठला. बारीक माणूस, आवाज मऊ.

"म्हणजे आरोपीही असंच आगाऊ लिहायचा?"

"हो. सगळेच."

"तुम्ही बघितलंय?"

"मीच शिकवलंय त्याला."

"झालं, साहेब," तो म्हणाला आणि बसला. आणखी एक प्रश्नही विचारला नाही.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई आल्या. काळा गाऊन काढून हातावर घेतला होता. "काका, मी तुम्हाला एक वाक्य बोलायला सांगितलं होतं."

"मी खोटं काय बोललो?"

"खोटं बोललात असं मी म्हटलंय का? त्यांच्याकडे आगाऊ लिहिल्याचा एकही साक्षीदार नव्हता. आता आहे."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. तोवर त्या जिना उतरून गेल्या होत्या.

परत येताना एसटीत शेडगे खिडकीशी, मी शेजारी. तो खिशातल्या कॉटन वेस्टने खिडकीची काच पुसत होता. स्वच्छ झाली तरी पुसत होता. बोईसरच्या स्टँडवर उतरल्यावर थांबला.

"पाटील, तुमी वंगाळ केलं न्हाई. खरं त्येच बोललासा. म्या येवडी वर्सं त्येच बोलायचं म्हणत हुतो, पर ही बाय मला बोलू दीना, आन् घरात ती बी बोलू दीना." मग म्हणाला, "फकस्त आता हिला काय सांगायचं, ते तुमी चला आन् तुमीच सांगा. माज्यानं व्हायचं न्हाई."

मी गेलो. वहिनींनी आधी पाणी दिलं, मग चहा टाकला. चहा गाळून ग्लास आमच्यापुढे ठेवले. मग त्यांनी विचारलं, "भाऊजी, कसं झालं?"

मी म्हटलं, "चांगलं झालं."

शेडगे उलट्या हाताने ग्लासचा अंदाज घेत होता. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी अडीचला तो आला. मला वाटलं नव्हतं येईल. आला, शेजारी बसला, म्हणाला, "लावा." नववा भाग बघितला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दहावा. शेवटी तो उंच टकल्या सुटतो. मोठं दार उघडतं, बाहेर नुसता बर्फ, रस्ता आहे की नाही कळत नाही, आणि तो चालायला लागतो. गाणं वाजतं. शेडगे म्हणाला, "ह्यो आता कुटं जाईल?" मी म्हटलं, घरी जाईल. "घर कुटं दावलं?" तो म्हणाला. खरंच, दहाही भागांत कुठे दाखवलं नव्हतं.

मग आम्ही पहिल्यापासून परत लावली. निकाल यायला तीन महिने होते, दुपारी दुसरं काय करायचं. दुसऱ्यांदा बघताना त्याने एकही चूक काढली नाही. मीही त्याला काही विचारलं नाही. साक्षीचं आमच्यात परत निघालं नाही. मी दोनदा तोंड उघडलं होतं, पण तो "आवाज वाडवा" म्हणाला. दुसऱ्यांदा बघितली तरी मालिका तेवढीच धरून ठेवते, एवढं सांगू शकतो.

निकालाच्या दिवशी पालघरला मी होतो, वहिनी होत्या. शेडगे पट्टा न लावता आला होता. पायात बूट नाहीत, साध्या चपला. पिशवीत दोन बनियनं, टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं. वहिनींनी विचारलं पिशवी कशाला, तर म्हणाला असू द्या. त्याला आतलं सगळं माहीत होतं, काय काढून घेतात, काय राहू देतात.

दोन वर्षं. आधीचे अकरा महिने वजा. माझ्या साक्षीतली दोन वाक्यं साहेबांनी वाचून दाखवली, माझ्या नावासकट.

वकीलबाई धावत आल्या, म्हणाल्या, आत्ताच अर्ज करते, आज संध्याकाळी घरी जाल, वर अपील करू. शेडगे म्हणाला, "नगं." त्यांनी समजावलं, वय सांगितलं, रक्तदाब सांगितला. तो म्हणाला, "बाय, तुमी लई केलंत. आता नगं." वहिनी बाकावर बसल्या होत्या, डबा मांडीवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. कसं ते मला सांगता येत नाही. "भाऊजी, तुम्ही म्हणला हुता चांगलं झालं," एवढंच म्हणाल्या.

पुढे सात महिन्यांनी तो आतच वारला. सकाळी उठला नाही. वहिनींच्या भावाचा फोन आला, गावी नेलं म्हणून. मी भेटायला एकदाही गेलो नव्हतो. जायचं होतं, कागदपत्रंही काढून ठेवली होती. गेलो नाही. सुनेने ती मालिका टीव्हीवरून काढू का म्हणून विचारलं, मी म्हटलं राहू दे. अजून आहे.

तर मला तो शेवटचा दिसला तो निकालाच्या त्या दिवशी, कोर्टाच्या आवारात. पोलिसांची गाडी उभी होती, खिडकीला जाळी. तो स्वतःच चढला. पिशवी तपासून त्याला परत दिली. गाडी सुरू झाली, चार हात पुढे आली आणि थांबली. गेटात कोणीतरी रिक्षा लावून गेला होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. एक हवालदार रिक्षावाल्याला शोधायला टपरीकडे गेला. गाडी तिथेच, आम्ही इथे, मध्ये सात-आठ पावलं. निरोप घेऊन झालेला. आता बोलायला काही नव्हतं, आणि जाताही येत नव्हतं. तो जाळीतून आमच्याकडे बघत होता, आम्ही त्याच्याकडे. ऊन रणरणतं होतं. बराच वेळ गेला. मग त्याने जाळीला बोटं लावली आणि वहिनींना खूण केली, तिकडे, झाडाखाली, सावलीत उभ्या राहा. वहिनी सरकल्या.

मला त्याने काही खूण केली नाही. मी होतो तिथेच उभा राहिलो. मग रिक्षावाला आला, हात वर करून सॉरी सॉरी म्हणाला, रिक्षा बाजूला घेतली, आणि गाडी गेली.